देवगिरीची द्राक्षं

उठा, प्रवरासंगमाला नाव लागली! साल 1342 च्या आसपासचं, महिना फाल्गुन. चहा मागू नका, मिळणार नाही. न्याहारीला भाकरी आणि लसूण. मिरचीही नाही, ती अजून अमेरिकेत आहे. माणसं, गाठोडी, शेळ्या, सगळे एकाच नावेतून गोदावरी ओलांडतात आणि शेळीचा वास दोन दिवस तुमच्या धोतराला चिकटतो. नावेतला म्हातारा सांगतो, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा मी तिथंच खेळत होतो. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यामुळे खरीही असेल.

देवगिरीच्या, म्हणजे नव्या नावाच्या दौलताबादच्या, वेशीत फुफाटा, उंटांची घाण, चारी दिशांच्या बोली. त्यातून वाट काढत तुम्ही द्राक्षांच्या पाटीशी पोचता. मणी तोंडात टाका, सावकाश चावा: आत बिया आहेत! बिनबियांची चैन पुष्कळ पुढच्या काळातली.

इथली वेल वर्षातून दोनदा फळते, हे मोरक्कोहून आलेला इब्न बतूता लिहून ठेवणार आहे. इराणात वेल थंडीत झोपते. आपल्याकडे तिला झोपवायला बर्फ कुठला? ती वाढतच राहते, म्हणून कोयता लावून तिला वळणावर आणावं लागतं. पावसाळी बहार आंबट, तोंड वेडंवाकडं करणारा. उन्हाच्या तोंडावरचा गोड. तुम्ही नेमके गोड बहाराला आलात, नशीब!

पाटीच्या तळाशी हात घाला. चेंगरलेले मणी कोमट लागतात, रसाला बारीक फेस आलाय, वास नाकात चढतो. सालीवर बसलेलं किण्व आणि हे ऊन, दारूला एवढं पुरे. माणूस फक्त निमित्त. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीनं दारू सोडली तेव्हा बदायूँ दरवाज्याशी एवढी ओतली, की पावसाळ्यासारखा चिखल झाला म्हणे. तेव्हा बोटं चाटायची तर आडोशाला. पकडले गेलात तर इथल्या किल्ल्याचं तळघर, आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे आहेत आणि मांजरंच त्यांना पाहून पळतात, हीदेखील बतूताचीच खबर.

बिया थुंका आणि चला. आज गुरुवार. तरबाबाद या गाणाऱ्यांच्या बाजारात दुकानोदुकानी गालिचे अंथरलेत, मधोमध पाळणे, पाळण्यांत नटलेल्या गायिका, झोके द्यायला दासी. तिसऱ्या प्रहरानंतर घुमटाखाली गाणाऱ्यांचा मुखिया येऊन बसेल आणि एकेक ताफा गाऊ लागेल. पुढची जागा धरायची तर पाय उचला!