कौशल्य कीं जुगार? जाहिरातींतील एका शब्दाची कथा

खेळाच्या जाहिरातींतील शब्द आक्षेपार्ह ठरावा, हें कांहीं मोबाईलच्या युगांतलें नवल नव्हे. १९४८ मध्यें मुंबई सरकारनें बक्षिसी शब्दकोड्यांवर निर्बंध घातले; बीड तेव्हां हैदराबाद संस्थानांत, म्हणून या कायद्याबाहेर. बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून कोडीं मात्र मुंबईंत येतच राहिलीं. १९५२ मध्यें तींही कक्षेंत आलीं. चालक चमारबागवाला न्यायालयांत गेले. १९५७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, जुगार हा व्यापारच नव्हे.

१९६७ मध्यें त्याच न्यायालयानें रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलें. पण क्लबचालक त्यांतून नफा काढीत असल्यास गुन्हा होऊं शकेल, हेंही सांगितलें. पुढील जाहिरातदारांनीं पहिलें वाक्य उचललें. दुसऱ्याचा त्यांना सोईस्कर विसर पडला!

२०२० मध्यें जाहिरात मानक परिषदेनें अशा खेळांस उत्पन्नाचें साधन म्हणण्यास मनाई केली. तरीही २०२३ मध्यें सचिन तेंडुलकरांच्या वांद्र्यांतील घरापुढें, त्यांनीं केलेल्या जाहिरातीविरुद्ध, आमदार बच्चू कडूंनीं निदर्शनें केलीं. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाईन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा संमत केला. त्यांत खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, भेद ठेवलेला नाहीं.