‘गॅसचा दिवा’ म्हणजे नेमका कोणता? सायकलच्या कार्बाइड दिव्याची ओळख आणि डागडुजी

जुन्या मराठी आठवणींमध्ये ‘गॅसचा दिवा’ असा शब्द आला की मी तिथे थांबते. त्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. पहिली म्हणजे मुंबईत १८६०च्या दशकात रस्त्यांवर आलेले दिवे; ते कोळशापासून काढलेल्या वायूवर जळायचे. दुसरी म्हणजे लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेली गॅसबत्ती. ती खरं तर रॉकेलची, पंप मारून पेटवायची. आणि तिसरी म्हणजे सायकलच्या पुढे अडकवलेला कार्बाइडचा दिवा. पहिल्या दोन्हींबद्दल वाचायला बरंच मिळतं. तिसरा बहुतेक वेळा जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात सापडतो. मग कोणीतरी तो घासून-पुसून लख्ख करतं, शोकेसमध्ये ठेवतं, आणि त्यावर वाचण्यासारखं जे काही होतं ते त्या घासण्यातच निघून जातं. म्हणून आज या दिव्याबद्दल जरा सविस्तर.

दगड आणि पाणी

कार्बाइडच्या राखाडी खड्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. हा वायू एडमंड डेव्ही यांनी १८३६ साली शोधला. खाणकामगारांचा सुरक्षा-दिवा करणाऱ्या हम्फ्री डेव्हींचे हे चुलतभाऊ. पण वायू माहीत असूनही तो स्वस्तात बनवता येत नव्हता. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होते. त्यांना हवं होतं ॲल्युमिनियम, हाती आलं कार्बाइड. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हेन्री म्वासाँ यांनीही ते स्वतंत्रपणे बनवलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत हा दिवा सायकलीवर आला.

दिव्याची रचना साधी आहे. वरच्या टाकीत पाणी आणि खालच्या भांड्यात कार्बाइड. मधला स्क्रू पिळला की पाणी थेंबथेंब खाली पडतं. वायू कापसातून किंवा नमद्यातून गाळून बर्नरपर्यंत येतो. बर्नरला दोन चोची असतात. त्यांतून निघालेल्या दोन धारा एकमेकींवर आदळतात आणि ज्योत पंख्यासारखी पसरते. हिशेबही सोपा आहे. बाजारातल्या एक किलो कार्बाइडमधून साधारण ३०० लिटर वायू मिळतो. म्हणजे शंभर ग्रॅम खड्यांवर तासाला दहा लिटर खाणारा बर्नर तीनेक तास चालायचा. तेलाच्या मिणमिणत्या पिवळ्या वातीपुढे हा पांढरा उजेड केवढा वाटला असेल!

सायकलचा, मोटारसायकलचा की खाणीचा?

नागपूरकरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका बाजूला गिरण्या, कचेऱ्या आणि रेल्वे असलेलं हे शहर. एम्प्रेस मिल १८७७ची. दुसऱ्या बाजूला जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीज खाणी. आजच्या ‘मॉइल’चं मूळ असलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ची आहे. पेट घेणारा वायू नसलेल्या धातूच्या खाणींत उघड्या ज्योतीचे छोटे कार्बाइड दिवे टोपीला लावून वापरत. त्यामुळे भंगारात आलेला प्रत्येक कार्बाइड दिवा ‘सायकलचाच’ समजू नका.

खाणीचा टोपीदिवा मुठीत मावेल एवढा असतो. पुढे काच नसते, मागे टोपीत अडकवायचा आकडा असतो, आणि उघड्या तबकडीवर बहुधा ठिणगी पाडायचं चाक असतं. सायकलच्या दिव्याला पुढे उघडणारी काच असते. मागे हँडलखालच्या ब्रॅकेटमध्ये बसणारी खाच असते, आणि खड्ड्यांत ज्योत विझू नये म्हणून पुष्कळदा स्प्रिंगची जोडणीही असते. दोन्ही बाजूंना रंगीत भिंगं असली, एक लाल आणि एक हिरवं, तर शंकाच नको.

मोटारसायकलच्या मोठ्या दिव्याबाबत लोक हमखास फसतात. त्याला पाण्याची टाकीच नसते, मागे फक्त एक नळी असते. वायू बनवणारं भांडं वेगळं, गाडीच्या सांगाड्यावर बसवलेलं, आणि तिथून रबरी नळीने वायू दिव्यात यायचा. म्हणून असा दिवा ‘अर्धवट’ म्हणून टाकून देऊ नका. त्याचं भांडं त्याच माळ्यावर कुठेतरी सापडू शकतं.

अक्षरं आणि आकडे

दिव्याच्या पाठीवर किंवा बुडाशी ठसे असतात. बर्मिंगहॅमच्या लुकास, मिलर, पॉवेल अँड हॅन्मर या कंपन्यांची नावं आपल्याकडच्या दिव्यांवर दिसतात. पण नावापेक्षा आकडे जास्त बोलतात. ब्रिटिश पेटंटचे क्रमांक दरवर्षी नव्याने एकपासून सुरू व्हायचे, म्हणून त्यांच्यापुढे वर्षही लिहिलेलं असतं. १९१६ पासून मात्र १,००,००१ पासून सलग क्रमांक सुरू झाले. म्हणजे ब्रिटिश पेटंटचा नुसता सहा आकडी क्रमांक दिसला तर दिवा १९१६च्या आधीचा नाही. रोमन अक्षरांत डी.आर.जी.एम. असेल तर माल जर्मन, आणि १८९१ नंतरचा. आणि चौफुलीच्या खाचेचा स्क्रू असेल तर सावध व्हा: तसे स्क्रू १९३०च्या दशकात आले. म्हणजे दिवा तरी नकली, नाहीतर स्क्रू तरी मागाहून बसवलेला.

आता माझ्या संशोधनाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. हे ठसे सांगतात की दिवा कुठे *बनला*. तो कुठे *जगला* हे सांगतात त्याच्यावरच्या दुरुस्त्या. बुडाला आपल्याकडच्या कारागिराने झाळून लावलेलं पत्र्याचं ठिगळ, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वायसर, एका भिंगाच्या जागी बसवलेला बांगडीच्या काचेचा तुकडा, किंवा डायनॅमोचे दिवे आल्यावर वायरीसाठी पाडलेलं भोक. बर्मिंगहॅमच्या कॅटलॉगमध्ये यातलं काहीच सापडणार नाही. परदेशी वस्तू इथल्या माणसाने आपलीशी केल्याचा तोच कागद आहे. ‘मूळ रूपात आणायचं’ म्हणून ठिगळ काढलं, की तो कागद फाडल्यासारखं होतं.

डागडुजी: काय करावं, काय नाही

सगळ्यात आधी फोटो काढा, चारी बाजूंनी आणि आतूनही. खालच्या भांड्यातली पांढरी खपली हा कार्बाइडचा उरलेला चुना आहे. तो दिवा खरोखर वापरात होता याची खूण. त्यातली थोडी खपली कागदात बांधून, नाव घालून ठेवा. उरलेली पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटते. मात्र तासन्तास बुडवून ठेवू नका. आम्लाने पितळेतलं जस्त निघून पृष्ठभाग गुलाबी पडतो.

बाहेरून पितळ दिसतंय म्हणून लगेच चिंच, राख किंवा भांड्याची पावडर घेऊन बसू नका. बऱ्याच दिव्यांवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तो एकदा गेला की गेला, आणि उथळ ठसेही त्याच्याबरोबर पुसट होतात. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ कापड पुरतं. अडकलेला स्क्रू जोर लावून फिरवू नका; तेल सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. जोड कथलाने झाळलेले असतात, त्यामुळे गॅसच्या शेगडीवर धरून ‘सैल’ करायला गेलात तर दिवा सुटा होऊन हातात येईल.

नळी बदलावी लागली तर तांब्याची मुळीच लावू नका. तांब्याशी ॲसिटिलीनचा संयोग होऊन हादऱ्याने फुटणारं संयुग तयार होऊ शकतं. कारागीर चांगल्या हेतूनेच तांबं सुचवेल. त्याला हे आधीच सांगा.

पेटवायचा का?

नाही. ॲसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत, कुठल्याही प्रमाणात भडकू शकतो. शंभर वर्षांचा वायसर आणि गंजलेला जोड यांच्या भरवशावर हा प्रयोग करू नये. गळती बघायची तर पाणी भरून बघा. उजेडच हवा असेल तर नवं भोक न पाडता आत बॅटरीचा छोटा एलईडी ठेवा.

आज ‘कार्बाइड’ म्हटलं की लोकांना आठवतात घातक पद्धतीने पिकवलेले आंबे. त्यावर अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांनी बंदी आहे. किंवा आठवते दिवाळीतली कार्बाइड गन, जिने २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा केली. कार्बाइडच्या साठवणुकीसाठी १९८७चे स्वतंत्र नियम आहेत, आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. जो खडा एकेकाळी रात्रपाळीच्या माणसाच्या सायकलीला वाट दाखवत होता, त्यासाठी आता परवान्याचे नियम पाहावे लागतात.

तर घरात असा दिवा निघाला, तर घासायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: कोणाचा होता, ते कुठे कामाला होते, कार्बाइड कुठून आणायचे, कधी बंद पडला? उत्तर कागदावर लिहून दिव्यासोबत ठेवा. दिव्यावरची ठिगळं पुढेही वाचता येतील. या प्रश्नांची उत्तरं मात्र ती माणसं आहेत तोवरच मिळतील.