साताऱ्याहून परत आलेला मुलगा

आरे-वारेच्या वळणावर गाडी लावली तेव्हा मुलाखत संपून दोन तास झाले होते. एमबीएच्या प्रवेशासाठी एका माजी विद्यार्थ्याने व्हिडिओ कॉलवर घेतलेली. ठरला होता पाऊण तास, उरकली बावीस मिनिटांत. माझा अर्ज त्यांनी वाचलेला दिसत नव्हता. पहिलाच प्रश्न : "रत्नागिरीत राहून धंद्यातलं काय कळणार?" मी हसले, अडखळले आणि मग नको तेवढं बोलले.

खाली एका बाजूला आरे, दुसऱ्या बाजूला वारे. याच किनाऱ्याने वर उत्तरेला गेलं की दापोली तालुक्यातलं मुरुड लागतं. तिथला एक मुलगा मला त्या संध्याकाळी आठवला.

धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ चा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की नोकरीचं दार उघडायचं, आणि तिला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागायची. परीक्षेचं केंद्र होतं सातारा. कर्वे सह्याद्री चढून सुमारे ११० मैल चालत तिथे पोचले. समितीने त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, तू सतराचा दिसत नाहीस. वय अटीत बसत होतं, पण चणच लहान! पेपर हातात न घेताच ते मुरुडला परतले.

पुढच्या खेपेला ते कोल्हापूर केंद्रावर गेले आणि पास झाले. १८८४ मध्ये पदवी, १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना, १९५८ मध्ये भारतरत्न. हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. साताऱ्याचा तो दिवस मात्र कुणी विचारत नाही.

मला ही गोष्ट 'नकारातूनच माणसं मोठी होतात' अशी सांगायची नाही. साताऱ्याने त्यांना काही शिकवलं नाही; फक्त वेळ खाल्ला. अशा दारातून परतलेल्या बाकीच्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत, एवढंच. मला त्यात दिसलं ते वेगळं : समितीने चेहऱ्यावरून दिलेला निकाल कर्व्यांनी स्वतःच्या लायकीचा निकाल मानला नाही. केंद्र बदललं, परीक्षा तीच दिली.

माझ्या बाबतीत तर मुलाखत घेणारा समितीही नव्हता. असे माजी विद्यार्थी सहसा फक्त अहवाल पाठवतात. निर्णय प्रवेश समिती घेते, आणि तिच्यासमोर निबंध, गुण, शिफारसपत्रं असं सगळं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आभाराच्या दोन ओळी पाठवल्या. प्रवेश कार्यालयाला वेगळा मेल लिहिला : ठरलेला वेळ, झालेला वेळ, विचारलेला प्रश्न. विशेषण एकही नाही. शेवटी, शक्य असल्यास दुसरी मुलाखत द्यावी, ही विनंती. माझं अडखळणं माझं होतं. ते त्यांच्या माथी मारलं नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान आणखी दोन ठिकाणचे अर्ज भरायला घेतलेत. साताऱ्याचं काय व्हायचं ते होवो, कोल्हापूरची तयारी असलेली बरी.