योशिनह्यो: लस टोचण्याआधीच्या कागदाची कुळकथा

नागोयात मुलाला पहिलीत घालायचं म्हटलं की मराठी आईबाप आधी लसीकरणाचं सर्टिफिकेट शोधायला लागतात. तिथल्या सरकारी शाळेला ते लागतच नाही. शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. त्याआधीच्या आरोग्य तपासणीत ‘बोशी तेच्यो’, म्हणजे आई-बाळाची आरोग्यवही, पाहतात आणि राहिलेल्या लसी घ्यायला सांगतात. नाही घेतल्या तरी प्रवेश अडत नाही. धर्माच्या किंवा मताच्या कारणाने सूट मागायचा अर्जही नाही, कारण सूट मागावी अशी सक्तीच नाही.

आहे तो दवाखान्यात भरायचा एक कागद, योशिनह्यो. आज ताप किती? महिन्याभरात काही आजार झाला का? कधी आकडी आली होती का? ॲलर्जी कशाची? घरात कुणाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार? मग डॉक्टरांची सही, शेवटी पालकांची.

या साध्या दिसणाऱ्या कागदाच्या मागे बरीच कोर्टबाजी आहे.

जपानमध्ये देवीच्या लसीचा सक्तीचा कायदा 1909 चा. (आपल्या मुंबईचा त्याहून जुना, 1877 चा.) युद्धानंतर 1948 च्या कायद्याने 12 रोगांच्या लसी बंधनकारक झाल्या, चुकवणाऱ्याला 3,000 येनपर्यंत दंड. त्याच वर्षी क्योतो आणि शिमाने भागांत घटसर्पाच्या लसीने 80 हून जास्त बाळं दगावली. लसीतलं विष पुरतं निकामी झालेलं नव्हतं. तरी सक्ती चालूच राहिली. 1959 च्या सरकारी सूचनांनी तर वेगही ठरवून दिला: एका डॉक्टरने तासाला देवीची लस जास्तीत जास्त साधारण 80 जणांना द्यावी, बाकीच्या लसी 100 जणांना. म्हणजे एका पोराच्या वाट्याला 36 ते 45 सेकंद. त्यात विचारणार काय आणि तपासणार काय?

1970 मध्ये देवीच्या लसीमुळे कायमचं अपंगत्व आलेल्या मुलांची प्रकरणं गाजली, आणि आरोग्य मंत्रालयाने छापील प्रश्नावली वापरायला सांगितलं. योशिनह्योचा जन्म इथला. तिला वजन आलं ते 1976 मध्ये. 1967 साली तोक्योत फ्लूची लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी एक वर्षाचं बाळ गेलं होतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ‘बरं आहे ना?’ एवढं विचारून भागणार नाही; डॉक्टरने नेमके, पालकाला उत्तर देता येईल असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्याच वर्षी नेहमीच्या लसींवरचा दंड गेला आणि अपाय झालेल्यांना भरपाई कायद्यात आली.

अपाय झालेल्या मुलांचे पालक मात्र थांबले नाहीत. तोक्यो, नागोया, ओसाका, फुकुओका अशा चार ठिकाणी त्यांनी सरकारला कोर्टात खेचलं. नागोया जिल्हा न्यायालयाचा निकाल 31 ऑक्टोबर 1985 चा. डिसेंबर 1992 मध्ये तोक्यो उच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांना टोचायला नको अशा मुलांना वेगळं काढायची व्यवस्था सरकारने उभारलीच नाही. सरकारने अपील केलं नाही. 1994 मध्ये कायदा बदलला: बंधनाच्या जागी ‘प्रयत्न करावा’ आलं आणि रांगेच्या जागी जवळचा दवाखाना.

सही घेऊन जबाबदारी पालकांच्या गळ्यात मारतात, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. विचारायची जबाबदारी डॉक्टरवर टाकण्यासाठीच हा कागद आला.

सक्ती गेली की सगळा भार शिफारशीवर येतो, हेही खरं. 2013 च्या जूनमध्ये सरकारने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीची शिफारस थांबवली, आणि सुमारे 70 टक्के मुली घेत होत्या ती लस पुढे 1 टक्कासुद्धा घेईनात. 2015 मध्ये नागोया महापालिकेने सुमारे 70,000 तरुणींना प्रश्न पाठवले. 30,000 च्या आसपास उत्तरं आली. लसीनंतर होतात म्हणून सांगितलेली 24 लक्षणं तपासली, लसीशी संबंध दिसला नाही. तरी शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल 2022 उजाडलं.

तेव्हा नागोयातल्या आईबाबांनो, योशिनह्यो घाईत भरू नका. जपानी वाचता येत नसेल तर भाषांतरित नमुना मागून घ्या, लहानपणी आकडी आली असेल तर लिहा, आणि शंका फिटल्यावरच सही करा.