साक्ष कोणाची धरावी ?

एखादें नवें द्रव्य माणसाला अपायकारक आहे कीं नाहीं, हें ठरविणें वरवर पाहतां सोपें वाटतें. जनावराला खाऊं घालावें, तें जगतें कीं मरतें हें पाहावें आणि निकाल द्यावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कोणत्या जनावराला खाऊं घालावें, किती दिवस वाट पाहावी आणि त्याच्या शरीरांत नेमकें काय शोधावें, हे प्रश्न त्याच्या आधींचे आहेत. ते चुकीच्या रीतीनें सुटले म्हणजे पुढला प्रयोग कितीहि काटेकोर असला तरी त्याचा निकाल कुचकामी ठरतो. प्लास्टिक नरम करणाऱ्या ज्या द्रव्यांना रसायनशास्त्रज्ञ प्लास्टिसायझर म्हणतात, त्यांचा इतिहास आम्ही या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें नरम करणें म्हणजे काय, तें गृहिणींना सांगावयास नको. कणकेंत मोहन घातलें म्हणजे शंकरपाळा खुसखुशीत होतो, पण तें तेल पिठाशीं कायमचें बांधलें जात नाहीं. पुडींत ठेवला कीं कागदाला डाग पडतो. प्लास्टिकांतील मोहनाचीहि तीच गत आहे. पहिलें मोहन म्हणजे आपल्या देवघरांतला कापूर. 1870 च्या सुमारास अमेरिकेंत हायट बंधूंनीं सेल्युलॉइड तयार केलें तें कापराच्या बळावर. परंतु कापूर उडून जातो आणि भडकतोहि. म्हणून पुढें त्याच्या जागीं न उडणारीं व सहजासहजीं न पेटणारीं द्रव्यें आलीं. त्यांतलें एक ट्रायक्रेसिल फॉस्फेट. त्याला रंग नाहीं, म्हणण्यासारखा वास नाहीं, चवहि नाहीं. आणि तें निरुपद्रवी आहे असें तेव्हां मानलें जात होतें.

त्याची खरी परीक्षा प्रयोगशाळेंत झाली नाहीं, ती दारूच्या बाटलींत झाली. 1920 पासून 1933 पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. त्या काळांत ‘जमैका जिंजर’ या नांवाचा आल्याचा अर्क औषध म्हणून दुकानांत मिळत असे. त्यांत बहुतेक भाग मद्यार्काचाच. म्हणून तो लोकांना पिववूं नये अशा हेतूनें त्यांत आल्याचा तिखट अंश भरपूर असलाच पाहिजे, असा सरकारी नियम होता. तपासनीस अर्क आटवीत आणि तळाशीं उरलेला अंश तोलून पाहत. विक्रेत्यांना आलें नको होतें, वजन हवें होतें. बोस्टनमधील दोघां व्यापाऱ्यांनीं रोगणें व सेल्युलॉइड नरम करणारें हें द्रव्य अर्कांत मिसळलें. तें आटवितांना उडालें नाहीं, तोलांत पुरें उतरलें, आणि परीक्षा उत्तीर्ण झाली. अंश किती, एवढेंच तराजूला विचारलें होतें. कशाचा, हें कोणीं विचारलेंच नव्हतें.

1930 च्या आरंभीं ओक्लाहोमा शहरांतील दवाखान्यांतून चमत्कारिक रोगी दिसूं लागले. अर्क पिऊन एकदोन आठवडे लोटलेले. पोटऱ्या आधीं दुखत, मग बधिर होत, आणि पाऊल लुळें पडून लोंबूं लागे. कित्येकांचीं मनगटेंहि गळालीं. चालतांना गुडघा उंच उचलून पाय आपटीत टाकावा लागे. त्या चालीला लोकांनीं ‘जेक वॉक’ असें नांव दिलें आणि तिच्यावर गाण्यांच्या तबकड्याहि निघाल्या. रोग्यांची संख्या कोणीं नीट मोजली नाहीं. तीस ते पन्नास हजारांचे अंदाज सांगतात. बहुतेक गरीब, कष्टकरी, महाग चोरटी दारू न परवडणारे. शिवाय चालीवरूनच माणसाचें गुपित साऱ्या गांवाला कळे, त्यामुळें पंगुपणाबरोबर बदनामीहि पदरीं आली. त्या दोघां व्यापाऱ्यांना प्रथम झाली ती शिक्षा हजार डॉलर दंडाची व तहकूब ठेवलेल्या दोन वर्षांच्या कैदेची !

कारण शोधण्याचें काम अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यांतील मॉरिस स्मिथ व एलायस एल्व्होव्ह या दोघांकडे आलें. एक औषधविज्ञानाचा जाणकार, दुसरा रसायनज्ञ. एल्व्होव्ह यांनीं अर्कांतून ट्रायक्रेसिल फॉस्फेट वेगळें काढलें. परंतु तेंच गुन्हेगार आहे हें सिद्ध करावयास साक्षीदार हवा होता. स्मिथ यांनीं तें माकडांना व कुत्र्यांना तोंडावाटें दिलें. माकड आपल्या सर्वांत जवळचें, तेव्हां त्याची साक्ष वजनदार असावयाची. पण माकडें चालतीं राहिलीं, कुत्रेहि चालते राहिले. चौकशी येथेंच थांबली असती तर तें द्रव्य निर्दोष सुटलें असतें. सुदैवानें स्मिथ यांनीं वासरें व कोंबड्या यांनाहि तपासलें. त्यांचे पाय माणसांप्रमाणेंच, आणि माणसांप्रमाणेंच कांहीं दिवसांनीं, लुळे पडले. त्या द्रव्याच्या तीन भावंडांपैकीं ‘ऑर्थो’ म्हणून ओळखलें जाणारें रूप तेवढें घातक, असेंहि त्यांनीं दाखविलें. तेव्हांपासून या जातीच्या विषांची परीक्षा वयांत आलेल्या कोंबडीवर करतात. वंशानें माकड जवळचें खरें. पण या एका विषाच्या बाबतींत माणसाची खरी नातेवाईक कोंबडी निघाली.

आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष खटकते. फ्रान्समध्यें क्षयरोग्यांना क्रिओसोट व फॉस्फोरिक आम्ल यांच्या संयोगानें बनलेलें एक औषध देत असत. त्यानें कांहीं रोग्यांचे पाय गेल्याचें 1899 सालींच छापून आलें होतें. क्रिओसोटांत क्रेसॉल असतें, तेव्हां हें औषध म्हणजे त्याच कुळांतलें. पण वैद्यांचें लिहिणें रोगणवाले कशाला वाचतात ? शिवाय 1930 चा धडा छापून प्रसिद्ध झाल्यावरहि 1959 सालीं मोरोक्कोंतील मेक्नेस येथें विमानाच्या यंत्रांत वापरावयाचें वंगण खाद्यतेलांत मिसळून विकलें गेलें आणि सुमारें दहा हजार माणसें लुळीं झालीं. आपल्या मुंबईंतहि हा प्रकार घडला. त्या रोग्यांचा वृत्तान्त व्होरा, दस्तूर व त्यांचे सहकारी यांनीं 1962 सालीं प्रसिद्ध केला. 1988 सालीं कलकत्त्याच्या बेहाला भागांत तेलांतूनच पुन्हां शेंकडों लोकांना बाधा झाली.

इकडे दुसरेंच एक प्लास्टिक पुढें येत होतें. 1926 सालीं वॉल्डो सीमॉन या अमेरिकन रसायनज्ञानें पॉलिव्हिनिल क्लोराइड हें ठिसूळ, निरुपयोगी समजलेलें द्रव्य अशाच द्रवांत तापवून रबरासारखें लवचीक केलें. त्याच्या मोहनांत पुढें ज्याची सरशी झाली तें डाय-एथिलहेक्सिल थॅलेट. लांबलचक नांवाऐवजीं त्याला डी. ई. एच. पी. म्हणतात. पावसाळी कोट, जमिनीवरील आच्छादनें, तारांचीं आवरणें, खेळणीं, सर्वत्र त्याचा संचार झाला. तें हवेंत फार दिवस टिकत नाहीं आणि खेळती हवा असेल तेथें जंतु त्याचा फडशा पाडतात. पण नदीच्या तळाच्या गाळांत, हवा न पोंचणाऱ्या ठिकाणीं, तें चिकटून राहतें. तें इतकें सर्वव्यापी झालें कीं रक्तांतील त्याचें प्रमाण मोजूं जाणाऱ्याला तें आपल्याच नळ्यांत व द्रावणांत सांपडे; अखेर शरीरानें त्याचे केलेले तुकडे लघवींत शोधण्याची युक्ति काढावी लागली.

याच प्लास्टिकच्या पिशव्यांनीं रक्तपेढीचें स्वरूप पालटलें. बोस्टनचे शस्त्रवैद्य कार्ल वॉल्टर यांनीं 1950 च्या सुमारास कांचेच्या बाटलीऐवजीं प्लास्टिकची पिशवी रूढ करण्यास आरंभ केला. बाटली फुटे, पिशवी फुटत नाहीं, आणि एकाच बंद पिशव्यांच्या साखळींत रक्ताचे निरनिराळे घटक वेगळे करतां येतात. या पिशवीच्या वजनांत सुमारें तिसरा हिस्सा डी. ई. एच. पी. असतें, याचा मात्र कोणाला वीस वर्षें विचार पडला नाहीं. 1970 सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील जेगर व रुबिन यांनीं तें साठविलेल्या रक्तांत उतरतें असें दाखविलें. थंड ठेवलेल्या दर 100 मिलिलीटर रक्तांत दररोज सुमारें पाव मिलिग्रॅम. रक्त घेतलेल्या रोग्यांच्या अवयवांतहि तें सांपडलें.

पुढें जें कळलें तें मात्र कादंबरीकारालाहि सुचलें नसतें. हें द्रव्य तांबड्या पेशींच्या आवरणांत शिरून त्यांना बळकटी देतें. तें नसलेल्या पिशवींत पेशी लवकर फुटतात. रक्त आज 42 दिवसांपर्यंत टिकवितां येतें, त्यांत या घुसखोराचा वांटा आहे. ज्याला बाहेर काढावयाचें तोच पहारेकरी निघाला !

तेव्हां त्याचा अपाय किती, हें ठरविणें आलें, आणि साक्षीदारांचा जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला. 1982 सालीं अमेरिकेच्या सरकारी प्रयोगांत दोन वर्षें हें द्रव्य अन्नांतून खाल्लेल्या थोरल्या व लहान, दोन्ही जातींच्या उंदरांच्या यकृतांत अर्बुदें झालीं. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्यावरून 1987 सालीं तें माणसांतहि कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या वर्गांत घातलें. मग असें आढळलें कीं उंदराच्या यकृतांत हें द्रव्य एका विशिष्ट ग्राहकाला डिवचतें, आणि माणसाच्या यकृतांत तो ग्राहक फारच कमी जागा असतो. उंदराची साक्ष माणसाला लागू नाहीं, असें म्हणून 2000 सालीं त्याच संस्थेनें त्याला खालच्या वर्गांत उतरविलें. 2007 सालीं जपानी संशोधकांनीं तो ग्राहकच नसलेल्या उंदरांना हें द्रव्य दिलें, तरी त्यांच्या यकृतांत अर्बुदें दिसलींच. आणि 2011 सालीं संस्थेनें तें पुन्हां वरच्या वर्गांत चढविलें. कांहीं जण याला वैज्ञानिकांची धरसोड म्हणतात. आम्हांला तसें वाटत नाहीं. फेरतपासणीचा दरवाजा उघडा ठेवणारें न्यायालय बंद ठेवणाऱ्यापेक्षां बरें. आक्षेप घ्यावयाचा तर तो 2000 सालच्या निकालाच्या घाईला घ्यावा.

कर्करोगापेक्षां गंभीर गोष्ट दुसरीच निघाली. गाभण उंदरीला हें द्रव्य दिलें असतां तिच्या नर पिलांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते. हें अनेक प्रयोगशाळांतून वारंवार दिसलें आहे. उलट मार्मोसेट नांवाच्या लहान माकडांना भरपूर मात्रा देऊनहि वृषणांवर तसा परिणाम आढळला नाहीं, आणि उंदराच्या अंगांत रुजविलेल्या मानवी गर्भाच्या वृषणाच्या तुकड्यांनीं, याच कुळांतलें दुसरें एक थॅलेट दिलें असतांहि, पुरुषरसाची निर्मिति कमी केली नाहीं. द्रव्याच्या पक्षाचे लोक या माकडांकडे बोट दाखवितात. तीं खोटें बोलत असतील असें आम्ही म्हणत नाहीं. पण 1930 सालचीं माकडेंहि अशींच चालतीं राहिलीं होतीं, एवढें स्मरण ठेवूनच त्यांची साक्ष नोंदवावी.

खेळण्यांच्या बाबतींत निर्णय सोपा होता. युरोपांत 1999 सालीं तात्पुरती व 2005 सालीं कायमची बंदी आली, 2008 सालीं अमेरिकेनें तसाच कायदा केला. बाहुली थोडी कडक झाली म्हणून कोणाचें अडत नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचें तसें नाहीं. त्याच्या मूठभर देहांत श्वासाची नळी, अन्नाची नळी, सलाईन आणि वरून रक्त. सर्वांतून तें द्रव्य पाझरतें, आणि वजनाच्या मानानें त्याला मिळणारी मात्रा साऱ्या समाजांत मोठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमानें 2006 सालीं अशा मुलग्यांविषयीं ‘गंभीर चिंता’ हे शब्द वापरले. त्याआधीं 2002 सालीं तेथील औषध-खात्यानें दवाखान्यांना कळविलें होतें कीं अशा बालकांकरितां शक्य तेथें दुसऱ्या प्लास्टिकच्या नळ्या वापराव्या; मात्र त्या नाहींत म्हणून उपचार थांबवूं नये, कारण उपचार न मिळण्याचा धोका या द्रव्याहून कितीतरी मोठा. हा सल्ला आम्हांला शहाणपणाचा वाटतो. पण चार वर्षांच्या अंतरानें निघालेले हे दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून पहांटे तीन वाजतां नळी निवडणाऱ्या परिचारिकेची अवस्था काय होत असेल, ती ज्याची त्यानें कल्पावी.

कॅलिफोर्निया संस्थानानें 2024 सालीं कायदा करून सलाईनच्या पिशव्यांतून हें द्रव्य 2030 पासून व नळ्यांतून 2035 पासून हद्दपार करण्याचें ठरविलें. रक्त सांठविण्याच्या पिशव्या मात्र त्या कायद्यांतून वगळल्या आहेत.