मोटारीची जागा कोणी द्यावी?

नवें घर बांधावयाचें म्हटलें, कीं पाणी, उजेड व वारा यांचा विचार पूर्वापार होत आला आहे. विसाव्या शतकानें त्यांत आणखी एका गोष्टीची भर घातली. घरांत राहणाऱ्या माणसांबरोबर त्यांच्या मोटारीचीहि जागा दाखविल्याखेरीज कित्येक शहरांत नकाशाला मंजुरी मिळत नाहीं. हा नियम इतका अंगवळणी पडला आहे, कीं तो केव्हां व कशासाठीं निघाला, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः त्याचें वय शंभर वर्षांच्या थोडेंच पुढें आहे, आणि त्याची कथा बोधप्रद आहे.

रस्त्यांतील वाहनांची दाटी ही मात्र नवी नव्हे. ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास रोम शहरांत, जूलियस सीझरच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें, सूर्योदयापासून दुपार कलेपर्यंत गाड्यांना बहुतांशीं मनाई केली होती. परंतु वाहन रात्रीं कोठें ठेवावें, हा प्रश्न त्या काळीं ज्याचा तो सोडवी. घोड्याला चारा, पाणी, खरारा आणि निवारा लागे. त्याला रात्रभर रस्त्यांत सोडून मालकास स्वस्थ झोंप येणें शक्य नव्हतें. पुण्यांतील सरदारांच्या वाड्यांना पागा असत आणि लंडनमधील श्रीमंतांच्या घरांमागें तबेल्यांच्या गल्ल्या असत, त्या याच कारणानें. ज्याला घोडा परवडे त्यानें तबेला बांधावा, हें सांगण्यास कायद्याची गरज पडली नाहीं.

मोटारीनें ही व्यवस्था मोडली. तिला चारा नको, खरारा नको. ती रात्रभर रस्त्यावर मुकाट्यानें उभी राहते. त्यांतच ती स्वस्त झाली. फोर्डची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं सुमारें ८५० डॉलरांस मिळे. १९२५ च्या सुमारास तिची किंमत तीनशें डॉलरांच्याहि खालीं आली. अमेरिकेंत १९२० सालीं सुमारें ८० लक्ष मोटारी होत्या, त्या १९३० सालीं २ कोटि ३० लक्षांवर गेल्या. या मोटारींपैकीं पुष्कळांना घर नव्हतें. ज्याच्या दारापुढें जागा रिकामी दिसेल तेथें त्या उभ्या राहूं लागल्या आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तंटे माजले.

यावर दोन उपाय निघाले. ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरानें १९२३ सालीं असा नियम केला, कीं अनेक बिऱ्हाडांची नवी इमारत बांधणारानें मोटारींची सोय आपल्याच आवारांत करावी. कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरानें १९३९ सालीं हाच दंडक हॉटेलें व इस्पितळें यांना लावला. दुसरा उपाय ओक्लाहोमा सिटी येथें १९३५ च्या जुलै महिन्यांत दिसला. तेथें रस्त्याच्या कडेला यंत्रें उभीं करण्यांत आलीं. पांच सेंटचें नाणें टाकावें आणि ठराविक वेळ गाडी उभी करावी. दुसऱ्या उपायांत गाडीवाला पैसे देई, पहिल्यांत घर बांधणारा देई.

नगरपालिकांना पहिला उपाय अधिक रुचला. १९४६ सालीं अमेरिकेंतील ७६ शहरांची पाहणी झाली, तेव्हां शेंकडा १७ शहरांतच असा नियम होता. पांच वर्षांनीं तो केलेल्या किंवा करूं पाहणाऱ्या शहरांचें प्रमाण शेंकडा ७१ झालें. याचें कारण उघड आहे. या नियमासाठीं तिजोरींतून छदाम काढावा लागत नाहीं, कोणावर नवा कर बसत नाहीं, आणि जुन्या रहिवाश्यांच्या दारची जागा त्यांनाच राहते. खर्च पडतो तो पुढें येणाऱ्या भाडेकरूवर. आणि जो अद्याप गांवांत आलाच नाहीं, तो सभेंत उठून तक्रार तरी कशी करणार?

हा खर्च लहान नव्हे. एक मोटार उभी करण्यास व ती आंतबाहेर काढण्यास मिळून सुमारें ३०० चौरस फूट जागा लागते. ज्या दशकांत कोलंबसनें आपला नियम केला, त्याच दशकांत मुंबईंत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची, आणि तींत सबंध कुटुंबाचा संसार. म्हणजे दोन संसार मावतील एवढी जागा कायद्यानें एका यंत्राच्या विश्रांतीसाठीं राखून ठेविली.

कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहरानें १९६१ सालीं प्रत्येक नव्या बिऱ्हाडामागें एका मोटारीची जागा सक्तीची केली. त्याचे परिणाम लौकरच मोजण्यांत आले. दर बिऱ्हाडाचा बांधकामखर्च शेंकडा १८ नीं वाढला आणि तितक्याच जमिनीवर बसणाऱ्या बिऱ्हाडांची संख्या शेंकडा ३० नीं घटली. बिऱ्हाड लहान असो वा मोठें, मोटारीची जागा एकच. म्हणून बांधणाऱ्यांनीं लहान बिऱ्हाडें सोडून थोडीं पण मोठीं बिऱ्हाडें काढलीं. लहान बिऱ्हाडाची गरज असणारा गरीब त्यांत मागें पडला, मग त्याच्याजवळ मोटार असो वा नसो.

जपाननें निराळा मार्ग धरला. १९६२ च्या कायद्यानें तेथें मोटार घेणाऱ्यावरच, ती ठेवण्यास आपल्याजवळ जागा आहे असें सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. जुना घोडेस्वाराचा न्याय तो हाच.

अमेरिकेंतहि पुढें विचार पालटला. बफेलो शहरानें २०१७ सालीं ही सक्ती उठविली. २०२२ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून, सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आंत ती बहुतेक रद्द केली. आणि ज्या कोलंबसनें १९२३ सालीं आरंभ केला, त्यानेंच २०२४ सालीं आपल्या मुख्य रस्त्यांच्या कडेच्या भागांत ती काढून टाकली. बांधणाऱ्यांनीं मोटारींची सोय करूं नये, असा याचा अर्थ नव्हे. ती किती करावी, हें आतां ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

महाराष्ट्रांत २०२० च्या एकत्रित विकास नियमावलींत घराच्या क्षेत्रफळाप्रमाणें वाहनांच्या जागेचें प्रमाण बांधून दिलेलें आहे. पुण्याच्या नव्या पेठांतून हिंडतांना खांबांवर उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात. तळमजला गाड्यांचा, माणसें त्यावर. अरुंद रस्त्यांचीं शहरें, दारोदार दुचाक्या आणि अपुऱ्या बस, अशा स्थितींत हा नियम एकदम टाकून द्यावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु नियम करणाऱ्यांनीं कोलंबसची कथा डोळ्यांपुढें ठेवावी. वाहनाला जागा फुकट कधींच मिळत नसते. तिचें मोल कोणीतरी देतच असतो. तें मोल गाडीच्या धन्यानें द्यावें, कीं ज्याला गाडी नाहीं त्यानेंहि आपल्या भाड्यांतून द्यावें, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि तो सोडवितांना, ज्यांना अद्याप घरच मिळालेलें नाहीं, त्यांची आठवण प्रथम झाली पाहिजे.