पांझरेचे पाणी आणि फडाचा शेजार

पांझरा नदी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, साक्री तालुक्यातील पिंपळनेरच्या परिसरात उगम पावते आणि धुळे शहरावरून वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या काठी, तसेच बागलाणातून गिरणेकडे जाणाऱ्या मोसम व आरम या नद्यांच्या काठी, सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी सिंचनाची जी सामुदायिक व्यवस्था रुजली ती 'फड पद्धत' या नावाने ओळखली जाते. या व्यवस्थेचे श्रेय बहुधा गावकऱ्यांच्या एकोप्याला दिले जाते. परंतु तो एकोपा घडवण्यात नदीचा वाटा किती मोठा होता, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

या नद्यांच्या पात्राला उतार चांगला आणि तळाशी काळा कातळ असल्यामुळे कमी उंचीचा दगडी बंधारा घालूनही पाणी काठावरच्या कालव्यात वळवता येत असे. असा बंधारा पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. त्यामुळे ज्या वर्षी नदीला जेवढी धार, तेवढेच पाणी गावाच्या हाती येई आणि किती जमीन भिजवायची हा निर्णय दरवर्षी नव्याने, सर्वांनी बसूनच घ्यावा लागे. कालव्यातून चाऱ्या, म्हणजे उपकालवे, आणि चाऱ्यांतून सारंगा, म्हणजे शेतापर्यंतचे छोटे पाट निघत. उरलेले पाणी सांडमांतून, म्हणजे निकासाच्या वाटांनी, पुढे सोडले जाई.

भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा तीन-चार मोठे भाग पाडलेले असत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई. हा नियम वरकरणी जाचक वाटतो, पण त्यामागे पाण्याचा स्वभाव आहे. उसाला वारंवार दिलेले पाणी बांधाखालून झिरपून शेजारच्या ज्वारीच्या मुळाशी साचते आणि ती पिवळी पडते. म्हणजे एकाच्या पिकाची निवड दुसऱ्याचे नुकसान ठरू शकते. सगळीकडे एकच पीक असले की पाण्याची पाळी एका वेळी येते, राखणही एकत्र होते.

सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद जमिनीच्या वाटणीत दिसते. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी सलग नसून शक्यतो प्रत्येक फडात तिचा एकेक पट्टा असे. नदी आटली की गाव एखादा फड त्या वर्षापुरता कोरडा ठेवी, आणि प्रत्येकाचा काही भाग त्यात असल्यामुळे टंचाई सर्वांच्या वाट्याला येई. कालव्याच्या तोंडाशी असलेला तृप्त आणि शेपटाकडचा उपाशी, हा सिंचनातील जुना अन्याय येथे कोणाच्या उदारपणावर न सोडता जमिनीच्या रचनेतच आवरलेला होता, आणि हेच या पद्धतीचे खरे मोठेपण मानले पाहिजे.

पाणी देण्याचे काम मालकाकडे नव्हते. पाटकरी फावडे घेऊन सारंगेच्या तोंडावरची माती ओढी, वाफा भरला की चिखल आणि गवताने ते तोंड बुजवी व पुढच्या शेताकडे वळे. पिकावर जागल्या नजर ठेवी आणि या सर्वांच्या कामावर हवालदाराची देखरेख असे. हंगामापूर्वी कालव्यातील गाळ काढणे ही लाभधारकांची सामाईक जबाबदारी होती. मात्र पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला असल्यामुळे भूमिहीनाला निर्णयाच्या बैठकीत स्थान नव्हते, आणि या पद्धतीचे गुणगान करताना ही उणीव झाकणे योग्य होणार नाही.

विसाव्या शतकात विहिरींवर विजेचे पंप आले, तेव्हा ज्याच्याकडे स्वतःचे पाणी होते त्याला फडाच्या नियमात राहण्याची निकड उरली नाही. पांझरेवर लाटीपाड्यासारखी धरणे झाल्यावर खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाहही धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिला. पाणी किती आणि केव्हा येणार हे आता नदीऐवजी पाटबंधारे खाते ठरवू लागले, आणि त्याबरोबर नदीकडे पाहून घेतल्या जाणाऱ्या गावाच्या निर्णयाचे क्षेत्रही आक्रसत गेले.